वाळूकाकूंची टाच

वाळूकाकू कुणाच्याही घरी गेल्या की दारात चपला काढायच्या आणि आत पहिलं पाऊल टाकताच उजवी टाच जमिनीवर दोनदा आपटायच्या. दार वाजवावं तशी. मग मान तिरकी करून ऐकायच्या. आवाज मनासारखा आला तर “हं” म्हणून सोफ्यावर बसायच्या, नाही आला तर चहा येईपर्यंत घरभर टाच वाजवत फिरायच्या. त्या फिरायला लागल्या की यजमानीणबाई त्यांच्या मागोमाग फिरायच्या. मुलगी बघायला आलेल्या सासूची कुणी घेतली नसेल एवढी धास्ती आम्ही पर्थच्या मराठी बायका त्यांच्या टाचेची घ्यायचो.

त्यांचं खरं नाव विजया, पण त्या नावाने हाक मारलेली मी फक्त त्यांच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकली, आणि ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. महाराष्ट्रात असताना काकू इंजिनिअरिंग कॉलेजात माती हा विषय शिकवायच्या. इथे आल्यावर निवृत्त होईपर्यंत जमीन तपासणाऱ्या एका लॅबमध्ये होत्या. आणि पर्थमध्ये माती म्हणजे वाळूच. अख्खं शहर वाळूवर वसलंय. बागेत खड्डा खणा, वाळू. शाळेतून आलेल्या पोराचे बूट झटका, वाळू. नव्या वसाहतीत प्लॉट घेतला की नवरा-बायको त्यावर उभे राहून फोटो काढतात आणि फोटोत दोघांचे बूट रुतलेले असतात. मग पुण्याहून फोन येतो, “अरे, वाळूवर घर बांधताय? डोकं ठिकाणावर आहे ना?” तो फोन ठेवला की पुढचा फोन काकूंना जायचा. आधी ज्योतिषाला फोन केलेलेही काही महाभाग होते, पण ते काकूंना सांगायचे नाहीत.

अशा घाबरलेल्या माणसाला काकू आकडेबिकडे ऐकवत बसायच्या नाहीत. स्वयंपाकघरात न्यायच्या, रव्याचं पाकीट फोडून एका स्टीलच्या डब्यात काठोकाठ ओतायला लावायच्या. “भरला?” भरला. मग डबा ओट्यावर धडाधड आपटायच्या. रवा खाली बसायचा आणि वर बोटभर जागा रिकामी व्हायची. “ही बोटभर जागा म्हणजे तुझ्या भिंतीतली भेग,” त्या म्हणायच्या. “घर बांधून झाल्यावर डबा आपटला जाण्यापेक्षा आधीच आपटून घ्यायचा. एवढंच माझं शास्त्र.” आपल्याकडे बाई जन्मभर डबे आपटूनच भरते, त्यामुळे आम्हाला हे लगेच पटायचं. नवऱ्यांना जरा वेळ लागायचा, कारण त्यांनी डबे फक्त रिकामे केलेले.

“वाळू वाईट नाही, मोकळी वाळू वाईट,” हे त्यांचं पेटंट वाक्य. “तिला पाणी पाज, मार दे, आणि कुठल्याच बाजूने पळायला वाट ठेवू नकोस. मग तिच्यासारखी इमानी कुणी नाही.” हेच वाक्य त्या नोकरीसाठी वणवण करणाऱ्या नव्या पोरांनाही ऐकवायच्या, फक्त तेव्हा मार वगळायच्या आणि पाण्याऐवजी चहा द्यायच्या. कितीतरी पोरं त्यांच्या छोट्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, महिना महिना राहून गेली. पाहुण्यांची खोली रिकामी असली की काकूंना करमत नसे.

त्यांच्या गाडीत मागच्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत एक लोखंडी कांब आडवी पडलेली असायची. तिच्यावर सरकतं वजन. कांब जमिनीत उभी धरायची, वजन उचलून सोडायचं, आणि ठोक्यागणिक ती किती खाली उतरते ते पाहायचं. भराभर उतरली तर वाळू सैल, अडून बसली तर घट्ट. लॅब सुटली तरी काकूंची कांब सुटली नव्हती. सोबत एक धुमसही असायची, म्हणजे जमीन ठोकायचा तो जड लोखंडी पायाचा दांडका. आमची मुलं त्यांना ‘रॉड आंटी’ म्हणायची आणि त्यांच्या गाडीत बसायला भांडायची, कारण खाली पाय ठेवायला जागाच नसल्यामुळे पाय सीटवर घ्यावे लागायचे. इतर कुठल्याही गाडीत त्याबद्दल ओरडा बसला असता.

एका रविवारी दुपारी आमच्यातल्या एकांकडे बार्बेक्यू होता. बैठकीत खिडकीच्या कोपऱ्यावर गणपतीची मोठी फ्रेम लावलेली. काकूंनी टाच वाजवली, मान तिरकी केली आणि थेट फ्रेमपाशी गेल्या. यजमान लगबगीने म्हणाले, “वाकडी झालीय का? सारखी वाकडी होते, काय करावं कळत नाही.” काकू म्हणाल्या, “गणपती सरळ आहे रे. भिंत वाकडी आहे.” फ्रेम उतरवली तर मागे खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी चढलेली भेग. बिचाऱ्यांनी ती झाकायलाच बाप्पांना तिथे उभं केलं होतं. काकूंनी हातातली प्लेट ठेवली आणि बाहेर जाऊन घराभोवती चक्कर मारली. छपराचं पाणी खाली नेणारा पाइप जमिनीजवळ सांध्यातून निसटला होता, आणि दर पावसाळ्यात सगळं पाणी भिंतीच्या पायाशी पडून कोपऱ्याखालची वाळू हळूहळू वाहून नेत होतं. “उद्या प्लंबरला बोलाव,” त्या म्हणाल्या, “आणि मग ही भेग बुजव. आधी भेग बुजवशील तर ती पुन्हा येईल आणि तू बाप्पांना बोल लावशील.” मग परत येऊन त्यांनी गार झालेलं कणीस शांतपणे संपवलं. यजमान मात्र प्लेट बाजूला ठेवून फोनवर प्लंबर शोधत होते.

तर अशा या काकू, आणि आमचं घर.

आम्ही घर बांधायचं ठरवलं तेव्हा आई पुण्याहून आली होती. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबांनी अर्धं आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत काढलं आणि उरलेलं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. “फ्लॅट म्हणजे हवेतलं घर,” म्हणायचे. “खालची जमीन खालच्यांची, वरचं आभाळ वरच्यांचं. आपलं काय, तर मधली हवा.” रोज सकाळी गॅलरीत उभे राहून तांब्याच्या लोट्याने सूर्याला अर्घ्य द्यायचे आणि ते पाणी पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं. त्यावरून आयुष्यभर कुरबुर झाली. बाबा म्हणायचे, स्वतःची जमीन असती तर सूर्याला पाणी द्यायला शेजारणीची परवानगी लागली नसती.

तो लोटा आईने बॅगेतून आणला होता. इथल्या विमानतळावर माती, बिया, काही म्हणता काही आणू देत नाहीत, म्हणून तिने तो चिंचेने असा घासला होता की त्यात तोंड दिसावं. अधिकाऱ्याने उलटासुलटा करून परत दिला. आईला तो लोटा आमच्या घराच्या पायात ठेवायचा होता. “त्यांच्या नावावर कधी जमीन झाली नाही,” ती म्हणाली. “लेकीच्या जमिनीत तरी राहू देत.” संदीप, म्हणजे माझा नवरा, एरवी प्रत्येक गोष्टीला फाटे फोडतो, पण तोही म्हणाला, “ठेवू या की, आई.”

अडचण वेळेची होती. आईचा व्हिसा संपत आला होता आणि शुक्रवारचं तिकीट काढलेलं होतं. शिवाय पुण्याच्या डॉक्टरांनी निघतानाच सांगितलं होतं की एवढा लांबचा प्रवास हा शेवटचा समजा, हृदय आता साथ देत नाही. म्हणजे घर पुरं झालेलं ती पाहणार नव्हती. हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही. तिचं मागणं एवढंच होतं की निदान जमीन झालेली पाहावी, तिच्यावर एकदा उभं राहावं आणि मग जावं. बिल्डरने तारीख आधी बऱ्याचदा पुढे ढकलली होती. शेवटी त्याच आठवड्यातला मंगळवार मिळाला. मंगळवारी काँक्रिट पडणार, आणि तो हुकला तर पुढची पाळी कधी लागेल ते बिल्डरलाही सांगता येत नव्हतं.

भूमिपूजन खरं तर प्लॉट रिकामा असतानाच व्हायला हवं होतं. पण आमचे गुरुजी खाणीत यंत्रं चालवतात. दोन आठवडे तिकडे उत्तरेला वाळवंटात, एक आठवडा घरी. आमच्याकडे मुहूर्त पंचांगात नसतो, गुरुजींच्या रोस्टरमध्ये असतो. ते परत आले आणि काँक्रिटच्या आधीचा शनिवार मिळाला. तोवर बिल्डरच्या माणसांनी वाळू पसरून, भिजवून, यंत्राने थर ठोकून सपाट पॅड तयार केलं होतं आणि लॅबच्या माणसाने ते तपासून पासही केलं होतं. मी सुपरवायझरला विचारलं, शनिवारी छोटीशी प्रेयर केली तर चालेल का? तो म्हणाला, “नो वरीज.” त्याला वाटलं, प्रेयर म्हणजे हात जोडून उभं राहायचं. आपल्यात प्रेयरला फावडं लागतं हे त्या माणसाला कसं माहीत असणार.

शनिवारी सकाळी पूजा झाली. गुरुजींनी ईशान्येचा कोपरा दाखवला आणि म्हणाले, हातभर खणा. संदीपने फावडं घेतलं. वर्षभर लॅपटॉपपुढे बसलेल्या माणसाच्या हातात फावडं आलं की काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. तो थांबेचना. वाळू कडेने ढासळत होती, हा आणखी खणत होता. गुडघ्याच्याही वर खड्डा गेला तेव्हा गुरुजी म्हणाले, “बास, बास, विहीर नाही खणायची.” लोट्यात फुलं, अक्षता, सुपारी घालून आईने तो खाली ठेवला, वर दूध वाहिलं. मग सगळ्यांनी हाताने, पायाने वाळू आत लोटली, वरून थोपटली, हळदकुंकू वाहिलं. आईच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला वाटलं, झालं, आता काही राहिलं नाही. गुरुजी शिरा खाऊन झोप काढायला घरी गेले.

आणि मग काकू आल्या. उशीर झाला, रस्ता चुकले म्हणाल्या. काकूंनी रस्ता चुकावा, याचं तेव्हा मला नवल वाटलं होतं, पण मी ते तिथेच सोडून दिलं. त्यांनी आईला नमस्कार केला, शिरा खाल्ला, कौतुक केलं. वाळूवर टाच वाजत नाही, म्हणून गाडीतून कांब आणली आणि सहज म्हणून पॅडवर इकडेतिकडे ठोकून पाहिली. “छान केलंय,” म्हणाल्या. मग ईशान्येला गेल्या. कांब टेकवली, वजन सोडलं आणि कांब शिऱ्यात चमचा जावा तशी सर्रकन आत गेली.

“इथे कोणी खणलंय?” त्यांनी विचारलं.

संदीपने अभिमानाने हात वर केला.

“कधी? पॅड पास व्हायच्या आधी की नंतर?”

नंतर, म्हटल्यावर काकूंनी कांब उपसून घेतली. मग म्हणाल्या, “मुग्धा, या कोपऱ्यावर दोन पदरी विटांची भिंत येणार. वर छप्पर. सगळी जमीन घट्ट आणि हाच कोपरा मऊ. हा खचणार. आज नाही, दोन पावसाळ्यांनी.”

माझा पारा चढला. मी म्हटलं, “काकू, एवढासा खड्डा आहे हो. वरून थोडं पाणी मारू, धुमसने ठोकू. सुपरवायझरला कळलं तर तो मंगळवार रद्द करेल. आईचं शुक्रवारी विमान आहे.”

“ठाऊक आहे मला,” काकू म्हणाल्या. “म्हणून तर त्याला आत्ताच फोन करायचा. सोमवारी कळलं तर तो नक्की रद्द करेल. आज शनिवार आहे, वेळ आहे.” मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन लावलासुद्धा. सुपरवायझर लेकीच्या ‘फुटी’च्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, मॅचला बसला होता. काकूंनी लपवाछपवी न करता सगळं सांगितलं, मराठी वळणाच्या इंग्रजीत, मधूनमधून ‘मेट’ लावून. मग तो म्हणाला, मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका.

खरी अडचण पुढेच होती. सैल वाळू काढायची तर लोटा काढायला हवा. आई म्हणाली, “पुरलेलं कधी उकरतात का? अपशकुन आहे. मला नको ते काँक्रिट आणि नको पाहायला.” आणि पॅडच्या कडेला पाठ फिरवून बसली. माझी आई चिडली की आवाज चढवत नाही, पाठ फिरवते. मी समजावलं, संदीपने समजावलं. पाठ तशीच.

काकू तिच्या शेजारी वाळूत मांडी घालून बसल्या. मला वाटलं, आता रव्याचा डबा निघणार. तसं काही झालं नाही. त्यांनी विचारलं, “वहिनी, तुमचे मिस्टर काय करायचे?”

आईने सांगितलं. सरकारी गोदामात कारकून. धाकट्या तीन बहिणींची लग्नं, त्यांच्या आईचं आजारपण, आमची शिक्षणं. मग घराचे हप्ते. एकदा सुरू झाल्यावर आई सांगतच राहिली. समुद्राकडून वारा सुटला होता, पूजेसाठी घातलेल्या मंडपाची ताडपत्री फडफडत होती. काकूंनी मध्ये एकही शब्द टाकला नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, “म्हणजे जन्मभर ओझंच वाहिलं की हो त्यांनी.”

आईने मान हलवली.

“मग आता तरी भिंत त्यांच्या डोक्यावर कशाला देता? घराचं सगळं वजन कोपऱ्यात येतं, वहिनी. तिथे नको. त्यांना जरा आत बसवू, जिथे वर नुसती फरशी येईल आणि पोरं खेळतील. देवघर कुठे आहे तुमचं?”

देवघर आमच्या नकाशात नव्हतंच. होता तो ‘स्टडी नूक’, म्हणजे अभ्यासाचा कोपरा, ईशान्येच्याच बाजूला, भिंतींपासून मोकळा. तिथे देव्हारा ठेवायचं आधीच ठरलं होतं. आई बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, “दिशा बदलत नाही ना?”

“दिशा तीच. ओझं नाही,” काकू म्हणाल्या.

सुपरवायझर आला तेव्हा त्याच्या गाडीत मागे कुत्रा आणि जमीन ठोकायचं थरथरणारं यंत्र, दोन्ही होतं. त्याने हळद, नारळ, फुलं पाहिली, खड्ड्याची जागा पाहिली आणि संदीपला हळूच म्हणाला, “मेट, माझ्या पॅडमध्ये खड्डा खणलास तू.” संदीपने गुरुजी कुठे दिसतात का पाहिलं. गुरुजी केव्हाच घरी जाऊन घोरत होते. काकू म्हणाल्या, “हो, खणला. आता भरू या.” आणि कामाला सुरुवात झाली.

आधी लोटा काढला. आईने तो पुसला, कपाळाला लावला. काकू म्हणाल्या, रिकामा नको ठेवायला, आतली पोकळीसुद्धा नको. आईने त्यात मुठीमुठीने ओली वाळू भरली, लोटा तळहातावर आपटला, पुन्हा भरली, पुन्हा आपटला. कोणी सांगितलं नव्हतं. काकू खुदकन हसल्या. “वहिनी, लॅबमध्ये असता तर मी तुम्हाला सोडलं नसतं.” मग सगळी सैल वाळू देवघराच्या जागेपर्यंत ऐसपैस उकरली. वीतभर थर टाकायचा, संदीपने नळीने भिजवायचा, सुपरवायझरने यंत्र फिरवायचं, काकूंनी कांब ठोकून पाहायची, मग पुढचा थर. लोटा देवघराच्या जागी खोल ठेवला तेव्हा यंत्र बंद झालं. सुपरवायझरने टोपी काढली. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्याने काढली.

लोट्याच्या अगदी वरचा थर यंत्राने नको, हाताने ठोकू, असं काकू म्हणाल्या आणि धुमस आणली. आई उठली. “द्या इकडे. आमच्या माहेरी दरवर्षी भुई चोपायचे मीच.” हृदय अधू असलेल्या बाईच्या हातात ती जड धुमस पाहून मी पुढे झाले, तर काकूंनी मला डोळ्यांनीच थांबवलं. धुमसचं सगळं वजन त्यांनी स्वतः वरून धरलं होतं, आईचे हात फक्त दांड्यावर होते. दोघी मिळून हळूहळू ठोकत राहिल्या. उन्हं उतरेपर्यंत ते चाललं.

सोमवारी लॅबचा माणूस येऊन पुन्हा तपासून गेला. मंगळवारी काँक्रिट पडलं. गुरुवारी सकाळी काकू आईला घेऊन आल्या. नुसता राखाडी सपाट चौथरा, भिंत नाही, छप्पर नाही, भोवती कुंपणं आणि लांबवर बँक्शियाची झाडं. आईने चपला काढल्या, देवघराच्या जागी जाऊन उभी राहिली, काकूंकडे पाहिलं आणि उजवी टाच दोनदा आपटली. आम्ही विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, “गार आहे गं पायाला.” मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि उगवतीकडे तोंड करून थोडं पाणी तिथेच, आमच्या स्वतःच्या जमिनीवर सोडलं. शेजारीण कुणी नव्हतीच. शुक्रवारी ती पुण्याला परत गेली.

भिंती छपरापर्यंत पोचल्या तेव्हा पुण्याहून भावाचा फोन आला. आई झोपेतच गेली होती. मी जाऊन सगळं उरकून परत आले, पण साइटवर जायचं माझ्याकडून होईना. संदीप एकटाच जायचा, फोटो दाखवायचा, मी बघायची नाही. एक दिवस काकू आल्या आणि काही न विचारता मला गाडीत बसवून घेऊन गेल्या. कांबेमुळे मला पाय सीटवर घ्यावे लागले. आम्ही दोघी देवघराच्या जागी विटांच्या ढिगावर बसलो. वर अजून पत्रे नव्हते, आभाळ दिसत होतं.

मी म्हटलं, “काकू, आईने माझं घर पाहिलंच नाही.”

“पाहिलं की,” त्या म्हणाल्या. “मी या गावात कितीतरी घरं पाहिली. सगळी एवढीच, जमिनीपर्यंत. पुढे भिंती कशा झाल्या, पडदे कुठले लावले, कुणी आठवणीने दाखवतं, कुणी विसरतं. पण मला कधी वाटलं नाही की मी ते घर पाहिलं नाही.” मग माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. मी पोटभर रडले. त्यानंतर साइटवर जायची मला भीती वाटली नाही.

आम्ही राहायला गेलो. काकू दर आठवड्याला यायच्या, दारात टाच वाजवायच्या आणि मग देवघरापुढे एकदा. पण रस्ता चुकायला लागल्या होत्या. एकदा आमच्याकडे निघालेल्या, त्या दुपारभर समुद्रकिनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होत्या, कुठे जायचं ते आठवेना म्हणून. एकदा गॅस तसाच राहिला. त्यांची लेक मीनल कॅनबेराला गुंगालिनमध्ये असते, सरकारी नोकरीत. ती आली, चार दिवस राहिली, आणि काकूंनी तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, “तिकडे चिकणमाती आहे. पाणी मिळालं की फुगते, नाही मिळालं की आक्रसते. रुसणाऱ्या माणसासारखं सारखं जपावं लागतं. आपली वाळू बरी.” कांब आणि धुमस आमच्या गॅरेजमध्ये आणून ठेवली. विमानतळावर चेक-इनच्या रांगेत उभ्या असताना त्यांनी टाच वाजवली आणि मला डोळा मारला. म्हणजे खाली काय आहे ते त्यांना कळलं होतं, आणि ते त्या कोणाला सांगणार नव्हत्या.

आता दर रविवारी मी फोन करते. तिकडे थंडी फार, ट्राम अगदी दारावरून जाते आणि तिची थरथर पायाला जाणवते, असं सांगतात. हळूहळू नावं पुसट होत चाललीत. मध्ये एकदा मला म्हणाल्या, “तू मीनलच्या ऑफिसमधली ना?” मी हो म्हटलं. नाही म्हणून काय मिळवायचं होतं? पण फोन ठेवायच्या आधी एक प्रश्न त्या न चुकता विचारतात. माझं नाव आठवो न आठवो, तो प्रश्न आठवतो.

“ईशान्येचा कोपरा कसा आहे गं?”

गेल्या रविवारीही विचारलं. मी नेहमीसारखी देवघरापुढे गेले, वाकून फोन फरशीजवळ धरला आणि टाच दोनदा आपटली. पलीकडे शांतता. काकू ऐकत होत्या. मान तिरकी केली असणार, मला दिसत होतं.

“हं. भरीव आहे,” त्या म्हणाल्या. “वहिनींना सांग हं. म्हणावं, काळजी करू नका.”

“सांगते, काकू,” मी म्हटलं.